दहातले आठ टाकायचे

"टाका ती पानं, आई," रेवती म्हणाली.

"अगं, राजा आलाय."

"राजाच्या शेजारी कोण आलंय तेही बघा."

शेजारी तिर्री आली होती. पण तिर्रीपायी राजाला घालवून द्यायचं का? मी चार चिंचोके पुढे सरकवले. रेवतीनं कपाळाला हात लावला आणि पाच मिनिटांत माझे उरलेसुरले चिंचोके तिच्या ढिगात जाऊन बसले. त्या सकाळी हे तिसऱ्यांदा झालं होतं. रेवती माझी सून. एरवी गोड पोरगी, पण पत्ते हातात आले की सासू-बिसू काही बघायची नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्या बार्शीची. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर होऊन मला वर्ष झालं होतं. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, तेव्हा आता आपण पोटभर बोलायचं असं मी ठरवलं होतं. आम्ही पाच मैत्रिणी दुपारी दोन ते पाच आमच्या हॉलमध्ये जमायचो. चहा, चिवडा आणि गावभरच्या गप्पा. मग रेवतीनं शिकवण्या सुरू केल्या, हॉलमध्ये वीस पोरं बीजगणित घोकायला बसली आणि आमचं बस्तान उठलं. इंदूच्या घरी गेलो तर तिच्या मुलाची झोपमोड होते. देवळात बसलो तर पुजारी म्हणतो, बायांनो, गप्पाच मारायच्या तर देवासमोर कशाला? आमच्या गावात पुरुषाला बसायला पार आहे, हॉटेल आहे, पानटपरी आहे, केस कापायचे नसले तरी सलूनसुद्धा आहे. बाईनं दुपारी दोन तास टेकायचं म्हटलं तर जागा कुठं? मला याचा मनापासून राग यायचा. अजून येतो.

जागा एकच होती, जिमखान्यातली पत्त्यांची खोली. चार पंखे, खिडकीबाहेर कडुलिंब, कोपऱ्यात माठ. दुपारी ती कुलूपबंद असायची, कारण बाप्ये संध्याकाळी यायचे. पण तिथं एक जुनी रीत होती. जिमखान्याच्या वर्धापनदिनाला पत्त्यांची स्पर्धा व्हायची आणि जिंकेल त्याच्याकडे वर्षभर खोलीची किल्ली. खोली कधी उघडायची आणि कुणी बसायचं, हे किल्लीवाल्यानं ठरवायचं. ही किल्ली पाच वर्षं अप्पा देशमाने वकिलांच्या खिशात होती. अप्पा मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन आले ते पोकर शिकून आले. तिकडे त्याला टेक्सस होल्डम म्हणतात. त्यांनी रमीची स्पर्धा बंद करून पोकरची सुरू केली. इतर कुणाला धड येत नव्हतं, तेव्हा दरवर्षी तेच जिंकायचे. जिमखान्यात पैसे लावायला बंदी, म्हणून चिंचोके.

अप्पा आमच्या ह्यांचे जुने मित्र. मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, दुपारचे तीन तास खोली द्या. अप्पांनी मला चहा पाजला, ह्यांची आठवण काढली, डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, किल्ली मागून मिळत नाही. जिंकावी लागते."

"मग जिंकते," मी म्हणाले.

ते हसले. ह्यांच्या माघारी सभासदत्व माझ्या नावावर झालं होतं, वर्गणी मी वेळेवर भरत होते आणि नियमाच्या पुस्तकात नुसतं 'सभासद' लिहिलं होतं. वकिलाच्या जातीला नियम नाकारता येत नाही. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. अर्ध्या तासात घरी जाईन असा त्यांचा हिशेब असणार.

घरी येऊन मी रेवतीला विचारलं, तुला पोकर येतं का गं? ती लाजली. सांगलीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये काड्यापेटीतल्या काड्या लावून चार वर्षं खेळली होती. हे सासूला कधी सांगावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. स्पर्धेला तीन आठवडे होते.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यानं बघायची. मग मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून ज्याची पाच भारी, त्याचे चिंचोके. पण मधली पानं उघडायच्या आधीच ठरवायचं असतं की आपल्या दोन पानांवर चिंचोके लावायचे की गुपचूप पानं टाकून बसून राहायचं. रेवती म्हणायची, सगळं शहाणपण इथंच आहे. तिनं लग्नपत्रिकेच्या पाठीमागे यादी लिहून ओट्यावर चिकटवली. दश्शी किंवा त्याहून मोठ्या पानाची जोडी आली तर बेधडक खेळा. एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी आली तर खेळा. छोटी जोडी असेल तर स्वस्तात निभावत असलं तरच. दोन्ही बदाम आलेत म्हणून भुलू नका. आणि खाली लाल पेनानं: दहातले आठ हात टाकायचे.

हे काही मला जमेना. जन्मात मी काही टाकलं नाही. रात्री उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देते, पोळ्यांचा कुस्करा करते, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते. मला प्रत्येक पानात काहीतरी दिसायचं. नव्वी-चौकी आली तर वाटायचं, मधे अजून एक नव्वी येईल की. सत्ती-अठ्ठी आली तर वाटायचं, शेजारशेजारची आहेत, एकमेकींना धरून राहतील. मी रेवतीला म्हटलं, आलेली पानं न बघता टाकायची म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखं वाटतं गं. ती म्हणाली, बघूनच टाकायची आहेत. आणि पुन्हा माझे चिंचोके संपवले.

पहिला आठवडा असाच गेला. इंदू रोज फोन करून विचारायची, काय गं प्रमिला, जमतंय का? मी सांगायचे, जमतंय. साफ खोटं.

मग आठवडी बाजाराला आम्ही दोघी गेलो. मला भरल्या वांग्याची वांगी हवी होती. पहिल्या बाईची वांगी जून, दुसरीची किडकी, तिसरीच्या वांग्यांना देठ नाही, चौथी भाव फार सांगत होती. सहा पाट्या सोडून सातवीपाशी मी थांबले. तिथं एक गिऱ्हाईक आधीच घासाघीस करत होतं, त्या बाईचा भाव ठरेपर्यंत मी कोथिंबीर बघितल्यासारखं केलं आणि तिला काय भाव पडला ते ऐकून मग पुढे झाले. अर्धा किलो घेतली, त्यातही चार परत टाकली. मागं वळून बघते तर रेवती पिशव्या खाली टेकवून कमरेवर हात ठेवून उभी.

"आई, सहा पाट्या सोडल्यात तुम्ही. एकीचंही वाईट वाटलं?"

"किडकी वांगी कोण घेईल?"

"मग राजा-तिर्री कशाला घेता?"

मी पिशवीतल्या वांग्यांकडे बघितलं. ती पुढं म्हणाली की दुसऱ्या गिऱ्हाइकाला आधी भाव करू दिलात ना, तेही तसंच. आपली पाळी शेवटी असेल तर बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवता येतं, म्हणून शेवटी बसल्यावर थोडी हलकी पानंही चालतात. पाळी पहिली असेल तर अगदी निवडक. आठवडाभर न जमलेलं शिक्षण त्या वांग्यांनी पाच मिनिटांत पुरं केलं. घरी आल्यावर मी दहातले आठ हात असे टाकले की रेवतीनं उठून माझ्यासाठी चहा केला.

स्पर्धेचा रविवार उजाडला. सकाळी दहाला नऊ जण टेबलाभोवती बसलो, आठ बाप्ये आणि मी. प्रत्येकाला वीस-वीस चिंचोके. माझ्या चौघी मैत्रिणी आणि रेवती बाहेर व्हरांड्यात, खिडकीला तोंडं लावून. आत बोलायला त्यांना बंदी होती. इंदूला गप्प बसवणं हे त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम असावं.

मी टाकायला सुरुवात केली. पहिला हात टाकला, दुसरा टाकला, सहावा टाकला. बाकी सगळे राजा-तिर्रीवर, छक्की-चौकीवर उड्या मारत होते, ओरडत होते, मांड्यांवर थापा मारत होते. मी आपली पानं बघायची आणि सरकवून द्यायची. शेजारच्या कापडवाल्या शेटजींनी विचारलं, "वहिनी, आज उपास का?" सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात मला राण्यांची जोडी आली आणि शेटजींचे वीसच्या वीस चिंचोके माझ्याकडे आले. मग मला कुणी उपासाचं विचारलं नाही. दुपारपर्यंत मी मोजून सात हात खेळले असेन, त्यातले पाच जिंकले. हळूहळू एकेक जण उठून माठापाशी जाऊन उभा राहू लागला. मी चिंचोक्यांना हात लावला की बाकीचे पानं टाकून मोकळे व्हायचे. अप्पा तर मोठ्यानं सांगायचे, "सावध राहा. पानं असल्याशिवाय वहिनी बोट लावत नाहीत."

साडेतीनला दोघंच उरलो, अप्पा आणि मी. त्यांच्यापुढे शंभर चिंचोके, माझ्यापुढे ऐंशी. चहाची सुट्टी झाली. व्हरांड्यात मैत्रिणी मला मिठ्याच मारायला आल्या, पण रेवतीचा चेहरा उतरला होता. तिनं मला जिन्याखाली ओढलं.

"आई, एक शिकवायचं राहिलं. यादी नऊ जणांसाठी आहे. दोघंच असताना ती चालत नाही."

"म्हणजे?"

"दर डावाला दोघांनाही आधीच चिंचोके टाकावे लागतात. तुम्ही चांगल्या पानांची वाट बघत बसलात तर त्यातच संपाल. तुम्ही एवढ्या लांब जाल असं मला वाटलंच नव्हतं, म्हणून..."

ती रडकुंडीला आली होती. मला तिचा राग यायला हवा होता, पण हसूच आलं. तीन आठवडे जी बाई माझ्या हातातून पानं हिसकावून घेत होती तीच आता म्हणत होती, टाकू नका. मी विचारलं, मग कशावर खेळू? ती म्हणाली, एक मोठं पान असलं तरी खेळा. आणि घंटा झाली.

पण मोठं पान यायला हवं ना. चौकी-दुर्री आली, छक्की-तिर्री आली, अठ्ठी-तिर्री आली. सवयीनं मी टाकत गेले आणि माझे ऐंशीचे साठ झाले. अप्पांचे एकशेवीस. खिडकीत इंदूनं डोळे मिटून घेतले होते. मला कडुलिंबाखालची ती खोली दिसत होती, म्हणजे मी तिच्यातच बसले होते, पण ती आता हातची जाते हे दिसत होतं. उद्यापासून पुन्हा पाच जणी पाच घरांत, पाच टीव्हींसमोर.

पुढचा डाव अप्पांनी वाटला. त्यांनी आपली पानं बघितली आणि तीस चिंचोके पुढे केले. मी माझी बघितली. सत्ती आणि दुर्री, एक चौकटची, एक इस्पिकची. रेवतीच्या मते कॅटमध्ये यापेक्षा वाईट जोडगोळी नाही.

मी टाकायला हात उचलला होता, खरं सांगते. मग अप्पांकडे बघितलं. ते माझ्या पानांकडे बघतच नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. सकाळपासून हा माणूस माझा हात मोजतोय, हे माझ्या ध्यानात आलं. मी काय टाकलं ते त्याला माहीत नाही. मी टाकते, एवढंच त्याला माहीत आहे. दिवसभर टाकून-टाकून मी काहीतरी कमावलं होतं आणि ते चिंचोक्यांत मोजलेलं नव्हतं.

मी साठच्या साठ चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले.

"सगळे," मी म्हणाले. एक्स्चेंजमध्ये 'तीन मिनिटं झाली' म्हणायचे, त्याच आवाजात.

अप्पा मागे रेलले. चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. शेवटी त्यांनी आपली पानं उताणी टाकली, दश्श्यांची जोडी. "दश्श्या टाकायला काळीज लागतं," ते बाकीच्यांना म्हणाले. "पण वहिनींकडे राण्या तरी आहेत, नाहीतर राजे." बाप्यांनी माना डोलावल्या. मी माझी दोन पानं पालथीच सरकवून दिली. अप्पांचे तीस चिंचोके घाईघाईनं ओढून घेताना चार खाली सांडले आणि मी टेबलाखाली वाकून ते गोळा करत बसले. वर येईपर्यंत अप्पांनी पानं गोळा करून, पिसून माझ्यापुढे ठेवली होती.

आता नव्वद-नव्वद. मी पत्ते वाटले. पानं बघितली, तर एक्का-राजा. मी काही विचार केला नाही, पुन्हा म्हणाले, "सगळे."

आणि एवढे सावध अप्पा, दश्श्यांची जोडी टाकणारे अप्पा, माझा शब्द संपायच्या आत ओरडले, "आलो." चेहरा लालबुंद. त्यांनी पानं उघडली, तर एक्का-अठ्ठी. सगळी खोली त्यांच्याकडे बघत राहिली. मधली पाच पानं उघडली, त्यात अठ्ठी आली नाही. माझा राजा भारी ठरला.

इंदूनं खिडकीतून जी आरोळी ठोकली ती बसस्टँडपर्यंत ऐकू गेली म्हणतात. अप्पांनी आपली पानं बाजूला सरकवली. मग उठले, खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी मला दिली. मी त्यांना विचारलं, एक्का-अठ्ठीवर कसे काय आलात? ते म्हणाले, "लागोपाठ दोनदा चांगली पानं येणार नाहीत असं वाटलं." त्यांचं समाधान होईल म्हणून मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोनला आम्ही पाच जणी पत्त्यांच्या खोलीत. महिन्याभरात पंधरा झालो, दिवाळीनंतर तीस. वर्ष संपताना मात्र कुरबुर सुरू झाली. शेटजी आणि दोघा-चौघांनी वार्षिक सभेत विषय काढला की नशिबानं एकदा किल्ली गेली म्हणून काय खोली कायमची बायकांची झाली का? मी उत्तर द्यायला उठणार तेवढ्यात अप्पा उभे राहिले आणि कोर्टात बोलावं तसे बोलले. म्हणाले, वहिनी नशिबानं जिंकल्या नाहीत, दिवसभर शिस्तीनं खेळल्या. त्या सगळे लावतात तेव्हा त्यांच्याकडे राण्या असतात, मी स्वतः साक्षीदार आहे. त्यांनी ठराव मांडला, दुपारी दोन ते पाच खोली महिला सभासदांची, स्पर्धा कुणीही जिंको. ठराव पास झाला. मी खाली मान घालून बसले होते. माझ्या सत्ती-दुर्रीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, रेवतीलासुद्धा नाही.

पुढे अप्पांना त्या डावाचं वेडच लागलं. आम्ही नव्या बायकांना पोकर शिकवायला लागलो की अप्पा मुद्दाम दुपारचे यायचे, परवानगी मागून खुर्ची घ्यायचे आणि सांगायचे, "दश्श्या होत्या माझ्याकडे, तरी टाकल्या. का? कारण वहिनींकडे राण्या होत्या." बायका कौतुकानं माझ्याकडे बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हाताऱ्या माणसाचा एवढा अभिमान, तो कशाला मोडायचा, म्हणून मी गप्प. अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या वर्षी अप्पा कायमचे मुलीकडे निघाले. जायच्या आदल्या दुपारी खोलीत आले. त्या दिवशी चार नव्या बायका पहिल्यांदाच बसल्या होत्या आणि रेवती त्यांना दोन-दोन पानं वाटत होती. अप्पा माझ्या शेजारी खिडकीपाशी बसले. मला राहवेना. म्हटलं, हा माणूस आता पुन्हा भेटायचा नाही, खोटेपणा मनात ठेवून कशाला निरोप द्यायचा?

"अप्पा, एक सांगायचंय. त्या डावात..."

"सत्ती-दुर्री होती," अप्पा म्हणाले. "चौकट आणि इस्पिक."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही टेबलाखाली चिंचोके शोधत होतात, वहिनी. पानं मी गोळा केली. तेवढ्यात उलटून बघितली."

"फेकलेली पानं बघायची नाहीत हा नियम तर तुम्हीच भिंतीवर लावलाय."

"म्हणून तर अकरा वर्षं तोंड उघडलं नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "ती सत्ती-दुर्री बघितली आणि डोकं फिरलं माझं. म्हटलं, आता ही बाई परत फसवतेय. म्हणून एक्का-अठ्ठीवर आलो. बघितलं नसतं तर टाकली असती मी ती पानं, सांगतो तुम्हाला. किल्ली अजून माझ्याकडे असती."

"आणि मग सभेत राण्या कशाला सांगितल्यात?"

"खरं सांगितलं असतं तर शेटजी म्हणाले असते, फसवून नेली, परत द्या." अप्पा माझ्याकडे वळले. "फसवलंत तुम्ही, आणि चोरून बघितलं मी. खोली कुणाकडे जायला हवी होती, तुम्हीच सांगा."

मी हसायला लागले ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडाला लावला तरी आवाज जायचा तो गेलाच. नव्या बायका पानं खाली ठेवून बघायला लागल्या. रेवतीनं विचारलं, काय झालं आई, कशाला हसताय?

अप्पा खुर्चीतून सावकाश उठले, टेबलापाशी गेले आणि नव्या बायकांच्या मधोमध उभे राहून घसा खाकरला.

"मी सांगतो," ते म्हणाले. "त्या दिवशी माझ्याकडे दश्श्यांची जोडी होती. आणि वहिनींकडे होत्या राण्या."